दोन चाकांमधलं कपाट

आपली बायको दुसऱ्या माणसाच्या मागे किती जवळून सायकल चालवते, एवढ्याशा गोष्टीवरून माणूस जळून कोळसा होऊ शकतो, हे चष्मेवाल्याला पन्नाशीला टेकल्यावर कळलं. आधी सराव नव्हता असं नाही. शेजाऱ्याची बाग, साडूची नवी गाडी, समोरच्या घड्याळवाल्याच्या दुकानातली गर्दी, यातलं काहीही त्याला पुरत असे. पण चाकाचं दुखणं नवीन होतं आणि ते कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

अंतर मोजणं हा त्याचा धंदाच. गिऱ्हाइकाला समोर बसवायचं, डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर पट्टीने मोजायचं आणि त्याप्रमाणे भिंगं बसवायची. केसभर चुकलं तरी गिऱ्हाईक डोकं धरून परत येतं. अशा माणसाला पुढच्या सायकलचं मागचं चाक आणि मागच्या सायकलचं पुढचं चाक यांच्यात किती जागा आहे हे दिसणारच. बायको दाताच्या डॉक्टरांच्या मागे असली की ही जागा हातभर, तीही जेमतेम. तीच बायको त्याच्या स्वतःच्या मागे असली की मधे एक लोखंडी कपाट आडवं टाकावं, तरी दोन्ही बाजूंनी झाडू मारता येईल.

दर रविवारी सकाळी पाच जण निघत. त्याची थोरली बहीण, ताई, ही म्होरकी. शाळेत खेळ शिकवून ती निवृत्त झाली होती. गळ्यातली शिट्टी गेली, आवाजातली गेली नव्हती. तिचा नवरा, म्हणजे दाजी, घरात बसून तीच शिस्त सोसण्यापेक्षा रस्त्यावर बरी म्हणून यायचे. मग चष्मेवाला आणि त्याची बायको. आणि अलीकडे हे डॉक्टर.

ताईचे नियम साधे होते. एकामागे एक रांग धरायची. पुढचा वारा अंगावर घेतो, मागचे त्याच्या आडोशाने जातात. तो दमला की त्याने कोपर हलवायचं, बाजूला व्हायचं आणि हळूहळू मागे येत रांगेच्या शेपटाला लागायचं. खड्डा दिसला की बोट खाली, म्हणजे मागच्याला कळतं. अचानक ब्रेक नाही. आपली पाळी आली म्हणून वेग वाढवायचा नाही. आणि मागे बघायचं काम फक्त शेवटच्याचं. गाडी येताना दिसली की त्याने ओरडायचं.

"बाकीच्यांनी नाक पुढे," ताई म्हणायची. "मागच्याची काळजी मागचा घेईल."

डॉक्टर आले ते बायकोच्या दाढेतून. दाढ दुखली, ती त्यांच्याकडे गेली, आणि तोंडात कापूस असताना दोघांचं सायकलवर बोलणं कसं झालं हे चष्मेवाल्याला आजतागायत उमगलं नव्हतं. वयाने त्याच्याच बरोबरीचे, पण केस सगळे जागच्या जागी. आवाज मऊ. करायच्या आधी सगळं सांगायची त्यांची सवय, खुर्चीतली, तीच रस्त्यावर. "जरा बाजूला घेतोय हं." "आता हळू होतोय हं." "खड्डा आहे, पण छोटासाच." त्या 'हं'चा चष्मेवाल्याला विशेष राग होता. सुरी लावून माणूस कापावा आणि वर 'हं' म्हणावं, असं त्याला वाटायचं.

बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये सुई टोचायच्या कामावर होती. डोळे, दात आणि रक्त एका रांगेत, आता कानाचा एक मिळाला की दवाखानाच काढू, असं दाजी दर रविवारी म्हणायचे आणि दर रविवारी स्वतःच हसायचे.

त्या रविवारी जाताना ताईने डॉक्टरांच्या मागे बायकोला लावलं आणि तिच्या मागे चष्मेवाल्याला. म्हणजे नाटक पाहायला पहिल्या रांगेतलं तिकीट. रस्ता कालव्याच्या कडेने जात होता. डॉक्टर पुढे, बायको त्यांच्या चाकाला हातभर अंतरावर, खांदे सैल, कोपरं सैल, जणू घरच्या सोफ्यावर बसून टीव्ही बघतेय. डॉक्टरांचं बोट खाली गेलं की तिचं बोट खाली. ते हळू झाले की ती हळू. एकदा ती कशावर तरी हसली. काय विनोद झाला असेल? खड्ड्यावर कसला विनोद होतो? आणि एवढ्या वेळात एकदा तरी मान वळवून, नवरा आहे की कालव्यात पडला, हे पाहावं की नाही? पण ती कधीच पाहत नसे. हेही त्याने मनात लिहून ठेवलेलं होतं, आणि ते पान आता भरत आलं होतं.

परतीला क्रम बदलला. डॉक्टर पुढे, त्यांच्या मागे चष्मेवाला, त्याच्या मागे बायको, मग ताई, दाजी. चष्मेवाल्याने मान वळवून पाहिलं. कपाट होतंच. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. कपाट जागच्या जागी. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा बायकोने त्याच्याकडे जे पाहिलं ते पाहून त्याने नाक पुढे केलं.

समोरून वारा चांगलाच होता. डॉक्टरांनी तो बराच वेळ खाल्ला, मग कोपर हलवलं, "बाजूला होतोय हं" म्हणाले आणि मागे सरकू लागले. पुढे मोकळा रस्ता आणि चष्मेवाला. दमलेला माणूस शेपटाला लागेपर्यंत वेग तोच ठेवायचा असतो, हे त्याला पाठ होतं. पण डॉक्टर धापा टाकत शेजारून मागे गेले, आणि त्याच्या मनात आलं, आता लागा शेपटाला, बघू कसे लागता. आणि त्याने जीव खाऊन पायडल मारलं.

काय पळाला तो. पन्नाशीचा माणूस, गुडघ्याला पट्टा, पण विजेचे खांब भराभर मागे टाकले त्याने. छाती फुटायला आली तेव्हा कुठे मागे वळून पाहिलं. मागे रस्ता होता. फार लांब, बोटभर उंचीचे चार जण, एका रांगेत, अजिबात घाई न करता येत होते. त्यातले शेवटचे डॉक्टर होते. बाकीच्या तिघांनी मिळून वेग कमी केला होता, त्यांना आत घेतलं होतं, आणि आता बायको सगळ्यांच्या पुढे वारा अंगावर घेत येत होती. चष्मेवाला कालव्याच्या पुलावर जाऊन थांबला. एकटा माणूस किती मूर्ख दिसतो हे पुलावर फार चांगलं कळतं.

"कुठे आग लागली होती?" ताईने उतरायच्या आधीच विचारलं.

"लागली नव्हती," दाजी म्हणाले. "हाच घेऊन चालला होता."

"डॉक्टर आत्ताच वारा खाऊन बाजूला झाले होते. भरल्या ताटावरून उठवलंस तू त्यांना. लहानपणीही खेळात असंच करायचास."

"असू दे हो ताई," डॉक्टर म्हणाले. "माझा व्यायाम झाला."

हे सर्वांत वाईट होतं. बायको फक्त बाटलीतलं पाणी प्यायली आणि नवऱ्याकडे न बघता रांगेत उभी राहिली.

घरी आल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि नळाखाली बाटल्या धुवायला लागली. चारचौघांत 'अहो' आणि घरात 'तू', अशी तिची जुनी पद्धत. तो दारात येऊन उभा राहिला.

"तुला तो आवडतो का?" त्याने विचारलं.

"आधी डोक्यावरचं हेल्मेट काढ. ते घालून भांडलास तर मला हसू येईल."

त्याने हेल्मेट काढलं. जे काही केस उरले होते तेही घामाने चिकटून दिसेनासे झाले होते.

"त्याच्यामागे हातभर असतेस. माझ्यामागे मधे कपाट मावेल."

तिने नळ बंद केला. "मला त्यांचं चाक आवडतं. सरळ जातं."

"आणि माझं?"

"तुझं चाक दर दोन मिनिटांनी माझी चौकशी करायला मागे येतं." ती आता त्याच्याकडे वळली. "तुझी मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की सायकल आडवी जाते. वर पाय थांबतात. तुझे पाय थांबले की मला ब्रेक. दोनदा चाकाला चाक घासता घासता राहिलंय, तुला पत्ताही नाही. कपाट मी नाही ठेवलं. तू ठेवलंयस."

"मग आधी का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू मागे वळूनच ऐकलं असतंस."

"मी काळजीने बघतो," तो म्हणाला.

"तू मोजायला बघतोस." तिने हात पुसले. "रोज माझ्यासमोर माणसं हात पुढे करून बसतात. मी सांगते, तिकडे खिडकीकडे बघा. जो सुईकडेच बघत बसतो तो हात आखडतो, मग त्यालाच दुखतं. आणि वर म्हणतो, बाई, तुमचा हात जड आहे."

पुढचं तिने आवाज न चढवता सांगितलं. "दुपारी लॅबमध्ये फोन. सुटल्यावर फोन. बस चुकली तर कुठल्या थांब्यावर, सोबत कोण. इतकी वर्षं. मी काही म्हणत नाही. थोडं अंतर ठेवते आणि चालवते."

चष्मेवाल्याला वाटलं होतं, भांडण डॉक्टरांबद्दल आहे. डॉक्टर त्यातून केव्हाच निघून गेले होते. तो हेल्मेट हातात घेऊन तसाच उभा राहिला, आणि पहिल्यांदाच त्याला खरी भीती वाटली. आजवर वाटायची ती, तिला कोणी नेईल याची. ही वेगळी होती. बायको कुठे जाणार नव्हती. याच घरात, याच टेबलाशी, मधे तेवढी जागा ठेवून ती जन्मभर नीट राहिली असती.

त्या आठवड्यात त्याने दुपारचा फोन केला नाही. फोन उचलायचा, ठेवायचा, गिऱ्हाइकाच्या बाहुल्या पुन्हा मोजायच्या. एका म्हाताऱ्या बाईंनी शेवटी विचारलं, "अहो, माझे डोळे सरकतायत की काय?"

पुढच्या रविवारी परतीला ताईने क्रम लावला: ताई, दाजी, चष्मेवाला, मग बायको आणि तिच्या मागे डॉक्टर. ताई वारा खाऊन मागे गेली, दाजी गेले, आणि चष्मेवाला पुढे आला. वेग तोच ठेवला. खड्डा आला, बोट खाली केलं. काचा पडल्या होत्या, हात दाखवून वळसा घेतला.

"थोडा हळू होतोय," तो मोठ्याने म्हणाला. 'हं' म्हणायचं त्याने कटाक्षाने टाळलं.

मान मात्र हाताबाहेर चालली होती. कोणीतरी कानाला धरून मागे वळवतंय असं वाटत होतं. मागून काहीच आवाज येत नव्हता. आहे की नाही? असेलही. की कपाट ठेवून आरामात येतेय? की मागच्या वळणावर चौघंही थांबलेत आणि आपण आपले एकटेच बोटं दाखवत चाललोय? डॉक्टर तिच्या मागे आहेत, म्हणजे तिची पाठ त्यांना दिसतेय, कोपरं सैल आहेत की नाहीत हेही त्यांना दिसतंय, आणि आपल्याला काय दिसतंय तर डांबर. त्याचा जळफळाट झाला. तो तसाच जळत, सरळ, एका वेगाने पायडल मारत राहिला. घाम डोळ्यांत गेला तरी त्याने मान हलवली नाही.

पाय भरून आले. "मागे मोकळं आहे!" शेवटून दाजींची आरोळी आली. चष्मेवाल्याने कोपर हलवलं आणि बाजूला झाला.

तो बाजूला होतो न होतो तोच तिचं पुढचं चाक त्याच्या पायडलशेजारी आलं. मधे श्वास घ्यायलाही वेळ गेला नाही. एवढ्या लगेच येणारं चाक कुठे असतं हे त्याला कोणी पट्टी लावून सांगायची गरज नव्हती. हातभर. जेमतेम.

ती समोर बघतच पुढे गेली. तिच्या मागोमाग डॉक्टर. "फार छान ओढलंत आम्हाला," ते म्हणाले, आणि चष्मेवाला "हं" म्हणाला.

मग त्याने मोजलंच, सवय कुठे जाते. डॉक्टरांच्या मागे ती जेवढी असते तेवढीच होती, बोटभरही जवळ नाही. त्याला थोडं जास्त हवं होतं. लग्नाचा नवरा म्हणून चार बोटं तरी. पण चार बोटं जवळ आलं की माणूस पडतो, हे तोही जाणत होता. ताई गेली, दाजी गेले, आणि तो शेपटाला लागला.

आता तो शेवटचा. मागे बघायचं काम त्याचंच होतं, कोणी रागावणार नव्हतं. त्याने मनसोक्त मान वळवली. लांबून एक ट्रक येत होता.

"मागून गाडी!" तो ओरडला.

पाचही सायकली एकदम रस्त्याच्या कडेला सरकल्या. सगळ्यांत पुढे, वाऱ्यात, त्याच्या बायकोने ऐकल्याची खूण म्हणून हात वर केला आणि पुन्हा हँडलवर ठेवला. मागे वळून तिने पाहिलं नाही. कधीच पाहत नसे. तो मागे आहे की नाही, असा प्रश्न तिला इतक्या वर्षांत पडलाच नव्हता.