नदीपलीकडची राख

मित्रांनो, मी एका वीजकेंद्रातले जुने राख पकडणारे यंत्र आहे. चिमणीकडे निघालेला धूर आधी माझ्या पोटातून जातो. माझ्या पत्र्यांत वीज खेळवली की राख त्यांना चिकटते आणि हातोड्यांचे ठोके बसले की खाली पडते. काम साधे, पण त्याला वीज फार लागते. तिथेच घोडे पेंड खाते!

माझ्या तरुणपणी दंड ठरलेला होता. चिमूटभर राख सोडा नाहीतर डोंगरभर, रक्कम तीच. मग मला चालवणार कोण? साहेब म्हणायचे, "हा पांढरा हत्ती बंदच ठेवा. तपासणीवाले आले की बघू." तपासणीच्या दिवशी मला नवा रंग आणि कौतुक. एरवी माझ्यावर कबुतरे बसत.

मला सांभाळणाऱ्या फिटरला सगळे दादा म्हणत. त्याच्या धाकट्या बहिणीला दमा होता. आमच्या वसाहतीत वाळलेले कपडेसुद्धा झटकूनच घरात न्यावे लागत, तिथे तिचा काय निभाव लागणार? शेवटी त्याने तिला नदीपलीकडच्या गावी मावशीकडे ठेवले. तिथेही वीजकेंद्र होते, पण तिथले यंत्र रोज चालत असे.

पुढे नियम बदलला. जितकी राख, तितके शुल्क. शिवाय मर्यादेपेक्षा कमी राख सोडली, तर उरलेला वाटा, म्हणजे तेवढी राख सोडायची परवानगी, दुसऱ्या केंद्राला विकता येणार होता. झाले! साहेब स्वतः माझी विचारपूस करू लागले. दादाने माझे वाकलेले पत्रे सरळ केले, हातोड्या बदलल्या. आमच्या चिमणीचा धूर निवळला. मला धन्य वाटले. उरलेला वाटा हातोहात खपला. तो कोणी घेतला हे मी विचारले नाही आणि दादानेही नाही.

एके दुपारी बहिणीचा फोन आला. माझ्या खडखडाटात ऐकू येईना, म्हणून दादाने आवाज मोठा केला.

"दादा, इथे राख पडतेय रे. मला जिनाही चढवत नाही."

"तिथलं यंत्र बिघडलं की काय?"

"बिघडलं नाही, बंद ठेवलंय. तुमच्याकडून वाटा घेतलाय ना, तो स्वस्त पडतो म्हणे."

"उद्याच तुला न्यायला येतो," दादा म्हणाला. मला फार वाईट वाटले.

दुसऱ्याच दिवशी तो तिला घरी घेऊन आला. कामावर आल्यावर साहेबांना म्हणाला, "मावशीलाही चल म्हटलं. तर म्हणते, आख्ख्या गावाला कुठे ठेवशील?"

"नियमाप्रमाणेच झालंय सगळं," साहेब म्हणाले. ते खरेही होते.

मित्रांनो, मी आता थकले आहे. मला पुसा, तेल घाला, चालू ठेवा. शुल्कही राहू द्या, त्याच्याशिवाय मला कोणी हात लावला नसता. पण माझी पाठ थोपटण्याआधी एकदा नदीपलीकडे जाऊन या. मावशी अजून तिथेच राहते.