बटण डावीकडेही फिरतं

मी गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प बोलतोय. मोठेपणा सांगायला माझ्याकडे काही नाही. दहा इंची एकच स्पीकर, काळं रेक्झिन, चार बटणं आणि एक लाल दिवा. एका रिकाम्या खोलीत खिडकीखाली बसलोय. समोरच्या खाटेवर गादी गुंडाळून ठेवलीय. या खोलीतली मुलगी गेली तेव्हापासून माझ्याशी एकच माणूस बोलतो, आणि ज्याने बोलू नये तोच बोलतो.

माझा जन्म एका लांब टेबलावर झाला. एका बाईने माझ्या अंगात तारा जोडल्या, कानाला हेडफोन लावून एक सूर सोडला, मान हलवली आणि पाठीवर शिक्का मारला. त्यानंतर तीन वर्षं मला कुणी मान हलवून दाखवली नाही.

ती तीन वर्षं दुकानात खालच्या फळीवर गेली. वरच्या फळ्यांवर दिवे लुकलुकणारे, उचलताना पाठ दुखवणारे अ‍ॅम्प. गिऱ्हाईक आलं की दुकानदार गिटार गळ्यात अडकवायचा, सगळी बटणं उजवीकडे पिळायचा आणि असा काही फाडफाड आवाज काढायचा की वाजवणाऱ्याच्या चुका त्यात वाहून जायच्या. लोक खूश होऊन घेऊन जायचे. मला तसा आवाज काढता येत नाही. तार जेवढी वाजली तेवढीच मी ऐकवतो. चांगली वाजली तर चांगली, चुकली तर चुकलेली. असा डबा कोण घेणार?

मग ती आली. कॉलेज अर्धवट सोडलेली, पाठीवर स्वतःचीच गिटार. तिच्या पैशांत बसणारे आम्ही तिघंच होतो.

“ताई, हा घ्या. याच्यात चाळीस आवाज आहेत,” दुकानदार म्हणाला.

“मला एकच हवाय. पण धड.”

“मग तो खालचा? त्याच्यात काहीच नाही हो.”

“लावा.”

तिने काय केलं ते सांगतो, तुम्हालाही कधी उपयोगी पडेल. आधी काहीच न वाजवता माझी घरघर ऐकली. मग एक सूर छेडला आणि तो पूर्ण विरेपर्यंत हात वर धरून उभी राहिली. मग तीच तार जोरात मारली, मी चिरकतोय का ते बघायला. नाही चिरकलो. शेवटी सगळ्या तारा एकदम वाजवून त्यांतली प्रत्येक वेगळी ऐकू येते का, ते कान लावून तपासलं. वरच्या दोघांत तिला सगळ्या तारांचा नुसता लगदा ऐकू आला होता. माझ्याजवळ ती उकिडवी बसली आणि म्हणाली, “हाच.”

घरी आल्यावर तिने नखांच्या पांढऱ्या रंगाने माझ्या बटणांपाशी ठिपके काढले. कुठलं बटण कुठे थांबलं की माझा आवाज सगळ्यात नितळ येतो, त्या खुणा. आवाजाच्या बटणाचा ठिपका बराच डावीकडे होता. रोज सकाळी ती बटणं ठिपक्यांवर आणायची आणि एकच संथ तुकडा तास-तासभर वाजवायची.

तिचे वडील निवृत्त मुख्याध्यापक. पस्तीस वर्षं माइकसमोर उभे राहून मुलांना गप्प बसवलेला माणूस. घरातही तसेच बोलायचे, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं. खोली दहा बाय बाराची.

“त्या डब्याने पोट भरणार आहे का?” ते रोज विचारायचे. उत्तराची वाट बघायची सवय त्यांना नव्हती.

मग एका वयस्कर गायिकेचा निरोप आला. गावोगाव कार्यक्रम करणारी मंडळी होती तिची. साथीला गिटारवाला हवा होता. शनिवारी अकराला या, आपला अ‍ॅम्प आपण आणा.

वडिलांनी जेवताना फर्मान काढलं. “जा. पण निवड झाली नाही, तर सोमवारी कॉलेजचा फॉर्म भरायचा. मुकाट्याने.”

“आणि झाली तर?”

“झाली तर बघू.”

मोठ्या माणसांचं ‘बघू’ तुम्हाला माहीत असेल. तिलाही माहीत होतं. तरी ती ‘ठीक आहे’ म्हणाली, कारण दुसरा रस्ता नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी ती नव्या तारा आणायला गेली. खाली इमारतीच्या हॉलमध्ये निवृत्तांची सभा होती आणि लाउडस्पीकरवाला आलाच नव्हता. मुख्याध्यापक वर आले, मला कानाला धरावं तसं मुठीला धरून उचललं.

“अहो, तिला विचारा तरी,” तिची आई म्हणाली.

“मुलीला काय विचारायचं? स्पीकर तो स्पीकर.”

माइकची पिन माझ्या भोकात बसते हे माझं दुर्दैव. त्यांनी ती खुपसली आणि चारही बटणं उजवीकडे, शेवटपर्यंत. ठिपके काय सांगतायत ते बघितलंसुद्धा नाही. मी किंचाळलो. लोकांनी कान झाकले. यांनी घसा खाकरला आणि चाळीस मिनिटं भाषण ठोकलं. विषय होता संयम.

पंचविसाव्या मिनिटाला माझ्या स्पीकरचा कागद फाटला. ‘आजच्या पिढीला’ या शब्दांवर. त्यानंतर प्रत्येक वाक्यामागे फरफर येत होती. हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू आली, त्यांनाही आली. “माइक बिघडलाय वाटतं,” असं म्हणून ते पुढे बोलत राहिले. वर आणून मला जागेवर ठेवलं, रुमालाने पुसलं, कव्हर घातलं. बोलले मात्र काहीच नाहीत. बोलायचं होतं तेव्हाच नेमका हा माणूस गप्प बसला.

शनिवारची सकाळ नव्या तारा चढवण्यातच गेली, माझं कव्हर तिने काढलं ते थेट गायिकेसमोर. चारही बटणं उजवीकडे टोकाला.

“बाबा,” ती एवढंच म्हणाली.

तिने बटणं ठिपक्यांवर आणली. मग खोली मोठी होती म्हणून आवाज ठिपक्याच्या पुढे नेला आणि पहिला सूर छेडला. फर्र.

“हे असंच वाजतं का?” गायिकेने विचारलं.

वडिलांचं नाव सांगितलं असतं तर सुटली असती. तिने सांगितलं नाही. खाली वाकून माझ्यातली पिन उपसून काढली, आणि नुसत्या तारांवर वाजवायला लागली. विजेवरच्या गिटारला अ‍ॅम्पशिवाय आवाज तो किती? चमचा कपाला लागावा एवढा. गायिकेने खुर्ची ओढली, आणखी ओढली, शेवटी गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत जवळ आली आणि त्या एवढ्याशा आवाजावर गायला लागली.

गाणं संपल्यावर म्हणाली, “पुढे पुढे वाजवणारे ढिगाने येतात गं. मला मागे वाजवणारी हवी होती. बुधवारी निघायचंय. अ‍ॅम्प कार्यक्रमात आमचाच असतो.”

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण ज्या दिवसासाठी तिने मला निवडलं, तो दिवस तिने माझ्याशिवाय जिंकला.

घरी वडील दारातच. “काय झालं?”

“झाली निवड.”

“बघ! आला ना डबा उपयोगी?”

“हो,” ती म्हणाली, “तुमच्या भाषणाला.”

त्यानंतर बुधवारपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही. जाताना माझ्या कोपऱ्यावर हात ठेवला, क्षणभर. मग जिन्यावर तिची पावलं, आणि संपलं.

आता दुपारी तिची आई झोपली की मुख्याध्यापक या खोलीत येतात. फोन खाटेवर ठेवतात, माझ्यात माइक लावतात, बटणं सवयीने उजवीकडे पिळतात आणि उभं राहून सराव करतात. “हॅलो. मी बाबा. सर्वप्रथम मला असं सांगायचंय की त्या दिवशी…” फरफर सुरू होते. ते थांबतात, माझ्याकडे बघतात, बंद करतात. फोन लावत नाहीत. माझ्या फरफरीचं निमित्त त्यांना पुरतं. मला त्यांची दया येत नाही, खोटं कशाला बोलू.

पण मला एक कळलंय, आणि ते सांगायला मला तोंड नाही. एकदा वीज गेली होती आणि ती आल्यावर मी किंचाळू नये म्हणून त्यांनी माझी सगळी बटणं शून्यावर आणून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी आवाज उजवीकडे पिळायला घेतला आणि मधेच त्यांना खोकला आला. बटण वाटेत ठिपक्यापाशी अडलं होतं. तो खोकला माझ्यातून स्वच्छ आला. म्हाताऱ्या माणसाचा साधा खोकला, एक कण फरफर नाही. त्यांना कळलंच नाही. पुढच्या क्षणाला बटण टोकाला होतं.

ठिपक्यापर्यंत मी अजून धड आहे. फाट तिथवर बोलत नाही. त्या शनिवारी तिने मला तिथेच ठेवून गायिकेला खुर्ची जवळ घ्यायला सांगितलं असतं, तर मीही तिच्याबरोबर असतो. पण तशी फर्र ऐकल्यावर तेवढा विचार कोण करतं?

तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलात, तर त्या मास्तरांना एवढं सांगा. ते बटण डावीकडेही फिरतं. पांढरा ठिपका अजून पुसला गेलेला नाही. तिथे थांबा, आणि काय म्हणायचंय ते एकदा हळू म्हणून बघा. मग मला बंद करा आणि तिला फोन लावा.