अठरा आणि थोडे

बिनझाकणाची किटली.

सहा फूट तीन इंच. निजलेल्या कुत्र्याने आळस द्यावा तसं दोन ठिकाणी वळलेलं. गाठी पाच.

फरशीवर खडूने काढलेला चौकोन, आत लिहिलेलं: ‘यंत्र’.

दीर दिसला की वर जाणारी भुवई. गेली छत्तीस वर्षं तीच, डावी.

साठ वेळा.

अर्धा मिलिमीटर.

*

कारखाना फर्निचरचा. थोरली त्या घरची मोठी सून. नवरा गेला त्याला नऊ वर्षं झाली, आणि तेव्हापासून खिडकीजवळच्या त्याच्या बाकावर तीच काम करत होती. खुर्च्यांच्या पाठी, पाळण्यांचे कठडे, जिथे म्हणून लाकूड वळवायचं असेल ते सगळं तिच्याकडे. कारखाना चालवायचा तिचा धाकटा दीर. त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. नाव तिनेच ठेवलेलं, तो कामाला लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, आणि ते असं चिकटलं की गिऱ्हाइकंसुद्धा दारात येऊन “मिलिमीटरसाहेब आहेत का?” म्हणून विचारायची. शर्टाच्या खिशात कायम पोलादी पट्टी. चहाचा कप बशीच्या बरोबर मध्यावर ठेवायचा. मध्य चुकला की उचलून परत ठेवायचा.

“हा झोपताना उशीच्या दोन्ही बाजू मोजत असेल,” थोरली म्हणायची. ती हे करवतकाकांना सांगायची, पण आवाज मात्र मिलिमीटरला ऐकू जाईल असा लावायची. करवतकाका चाळीस वर्षं करवत चालवून अर्धे बहिरे झालेले. ते दोघांकडे बघून सारखंच हसायचे.

आता मिलिमीटरला कॉम्प्युटरवर चालणारं कोरीवकामाचं यंत्र आणायचं होतं. जागा खिडकीची. थोरलीचा बाक मागे, गोदामाच्या खोलीत.

“यंत्राला रे कशाला उजेड?”

“यंत्राला नाही, वहिनी. चालवणाऱ्याला.”

“म्हणजे यंत्र आंधळं आणि नोकर डोळस. छान. मग नोकरच ठेव की, यंत्र कशाला?”

हे भांडण दोन महिने चाललं असतं. तेवढ्यात मिलिमीटर जिन्याखालच्या लाकडांवर खडूने फुल्या मारत त्या तुतीच्या ओंडक्यापाशी आला. तीन वर्षं वाळत पडलेला ओंडका. त्याने फुली मारली.

“हे जळणात.”

“का? काय वाईट केलंय त्याने तुझं?”

“यात एक सरळ फळी निघत नाही. मोजलंय मी.”

“तुला निघत नाही. माझ्या वडिलांनी यातून धनुष्य काढलं असतं, आणि तुझ्यासारख्याला लांबूनच दाखवलं असतं.”

तिचं माहेर धनुष्यं करणाऱ्याचं. नेमबाजीच्या मैदानाला तिचे वडील धनुष्यं पुरवायचे आणि लग्न होईपर्यंत तीही त्यांच्या शेजारी बसून लाकूड तासायची. हे मिलिमीटरला माहीत होतं. सासरच्या घराला ते छत्तीस वर्षं ऐकवलं गेलं होतं.

“मग काढाच तुम्ही,” तो म्हणाला. “साठ वेळा पूर्ण ओढायचं. साठाव्यानंतर काट्याला वीस किलो ताण भरला पाहिजे. भरला तर तुम्ही खिडकीत, यंत्र मागे.”

“आणि नाही भरला तर?”

“तर यंत्र खिडकीत.”

“मी ऐकलंय,” करवतकाका म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी ऐकलं कसं हाही प्रश्नच होता.

*

सरळ लाकडाचं धनुष्य म्हणजे वर्गातल्या पहिल्या नंबराच्या पोराचा निबंध, असं थोरलीचं मत. चूक नाही आणि वाचवतही नाही.

तिने साल काढली. सालीखालचा पांढरट थर काढला. मग वलयं. झाडाचं एकेक वर्ष म्हणजे एकेक वलय, आणि धनुष्याची पाठ, म्हणजे ओढणाऱ्यापासून लांबची, बाहेरची बाजू, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच वलयाची लागते. वलय चढलं की आपण चढायचं, उतरलं की उतरायचं. गाठीपाशी ते फुगतं, तिथे टेकाड ठेवायचं. एकदा का ते वलय मध्येच कापलं की तिथले तंतू तुटले, आणि धनुष्य तिथूनच उचकटणार. बाकीची सगळी तासणी पोटाच्या, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या, बाजूने.

तिचं पातं गाठींभोवती मुंगीच्या चालीने फिरत होतं. मिलिमीटर दिवसातून चारदा येऊन बघायचा.

“डावीकडे जातंय.”

“जाऊ दे. त्याची हौस.”

“आता उजवीकडे.”

“तू का घाबरतोस? तुझ्या अंगावर येत नाहीये ते.”

टोकं कुठेही भटकली तरी चालतात, फक्त दोरी मुठीवरून गेली पाहिजे. ती चार बोटं बाहेरून जात होती. थोरलीने बिनझाकणाच्या किटलीची वाफ मुठीच्या भागाला तासभर दिली, लाकूड शिकंज्यात धरलं आणि दोन दिवस कोणालाही हात लावू दिला नाही. शिकंजा सोडला तेव्हा दोरी मुठीवरून गेली. वाकडेपणा तसाच, सगळाच्या सगळा. नुसता कामाला लागलेला.

बाराव्या दिवशी भिंतीवरच्या कप्पीला दोर लावून करवतकाकांनी ते ओढलं. काटा बावीस दाखवत होता. थोरलीने मिलिमीटरकडे पाहिलंही नाही. तेवढा मान देण्याची गरज तिला वाटली नाही.

तेराव्या दिवशी ती दात दाखवायला गेली.

*

परत आली तर तिसरी गाठ सपाट.

सपाट आणि गुळगुळीत. खाली रंध्याचा किस, तोही झाडून एका कोपऱ्यात गोळा केलेला. इतक्या नीटनेटकेपणाने वाट लावणारा माणूस त्या कारखान्यात एकच होता.

“उंचवटा राहिला होता, वहिनी,” मिलिमीटर म्हणाला. चेहऱ्यावर चक्क आनंद. “तुमच्या लक्षात आला नसेल म्हणून मी काढून टाकला.”

करवतकाकांनी करवत बंद केली.

“राहिला नव्हता. ठेवला होता.” थोरलीचा आवाज बारीक झाला होता, आणि तो बारीक झाला की घरातली मांजरंसुद्धा बाहेर जायची. “सगळी ओढ त्या टेकाडावरून जाणार होती. तू नेमकी तिचीच मान कापलीस. छत्तीस वर्षं लाकडात राहून माणसाला एवढं कळू नये? तुला टेबलावरचा डाग आणि अंगावरचा तीळ यांतला फरक कळतो का रे? की दोन्ही घासतोस?”

मिलिमीटरने सवयीने पट्टी बाहेर काढली, तिच्याकडे बघितलं, परत खिशात ठेवली.

“मग पैज रद्द. दुसरं लाकूड घ्या. चूक माझी आहे.”

“दुसरं घेऊ? म्हणजे उद्या सांगत फिरशील, वहिनीला मी सूट दिली म्हणून?”

“असं कुठे म्हणालो मी?”

“किती घेतलंस?”

“अर्धा मिलिमीटर.” मग खालच्या आवाजात, “बरोबर अर्धा.”

आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं मोजमाप तिच्या उपयोगी पडत होतं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. वलय दोन मिलिमीटरचं. म्हणजे टेकाडाचा माथा तेवढा गेला होता, खालचं अजून धरून होतं. तिने त्या जागी जवसाचा दोरा सरसात भिजवून घट्ट गुंडाळला. मग तो भाग वाकूच नये म्हणून अलीकडचं-पलीकडचं पोट पातळ करायला घेतलं. एक बाजू पातळ केली की दुसरीही करावी लागते. प्रत्येक किसाबरोबर ताण उतरत होता. किती, ते तिने बघितलं नाही. काटा लावला असता तर पुढचा किस काढायचा धीर झाला नसता, आणि न काढता ओढलं असतं तर धनुष्य मोडलं असतं.

*

एक. दोन. तीन. करवतकाका दोर ओढत होते, थोरली मोजत होती.

नऊ. मिलिमीटर हाताची घडी घालून उभा.

बावीस. “चहा?” करवतकाका. “नंतर.”

एकेचाळीस. टक्क.

थोरलीने गुंडाळलेल्या दोऱ्यावरून बोट फिरवलं.

“माझा गुडघा,” करवतकाका म्हणाले.

“गुडघा घरी ठेवून येत जा.”

अठ्ठावन्न. एकोणसाठ. गाठीच्या दोन्ही बाजूंनी दोन वेगळ्याच कमानी, मध्ये ताठ बसलेली गाठ. दिसायला हे धनुष्य म्हणजे एखाद्या हट्टी म्हाताऱ्याची सही होती. साठ. मोडलं नाही.

मिलिमीटरने काटा अडकवला. करवतकाकांनी दोर पूर्ण ओढीच्या, सव्वीस इंचांच्या खुणेपर्यंत आणला. मिलिमीटर काट्यावर वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

“वीस,” तो म्हणाला.

करवतकाकांनी छताकडे पाहिलं.

थोरलीने चष्मा लावला, त्याला खांद्याने बाजूला केलं. “अठरा आणि थोडे.”

“सुई हलतेय, वहिनी.”

“सुई स्थिर आहे. तू हलतोयस.”

“जे कमी झालं ते माझ्यामुळे.”

“तुझ्यामुळे या घरात बरंच काही कमी झालंय, ते सगळं भरून देणार आहेस का? अर्ध्या मिलिमीटरसाठी लोकांचे जीव खाल्लेस जन्मभर, आणि मला दोन किलो दान करतोस? मला?” तिने खडू त्याच्या हातात कोंबला. “लिही भिंतीवर. अठरा.”

तो भिंतीपाशी गेला. उभा राहिला. मग लिहिलं: अठरा पूर्णांक दोन.

मंगळवारी चार माणसांनी बाक उचलून गोदामाच्या खोलीत नेला. कुठे ठेवायचा ते थोरलीच सांगत होती, आणि कोणाला बाक नीट उचलता येत नाही हेही. तिथे ट्यूबलाइट होती. तिच्या उजेडात सगळंच लाकूड आजारी दिसायचं. तिने एका खुर्चीची पाठ शिकंज्यात लावली आणि कामाला लागली. बाहेर यंत्राची खोकी उघडत होती.

साठ वेळा ओढून बघायच्या आदल्या संध्याकाळी, सगळे घरी गेल्यावर, मिलिमीटरने राहवलं नाही म्हणून ते धनुष्य हातात घेऊन सतरा वेळा ओढलं होतं, आणि काटा लावला नव्हता.