काच कोरडी असताना

घंटा वाजली आणि अकरा हात एकदम चाकांवर पडले. बारावा पडला नाही.

"वहिनी, हात कुठाय?" मास्तरांनी विचारलं.

"घंटा का वाजली ते बघत होते," ती म्हणाली.

अकराही जण हसले. भिंतीवर ओळीने बसवलेली बारा जुनी चाकं, मधोमध शिकवण्यापुरता उभा केलेला, आग नसलेला बॉयलर, त्याच्या पोटावर पाण्याची पातळी दाखवणारी काचेची उभी नळी, आणि मास्तरांच्या हातात घंटेचं बटण. या शेडमध्ये सव्वीस वर्षांत कुणी 'का' विचारलं नव्हतं. विचारायला सवड मिळाली तर ना!

"पाणी कमी झालं की वाजते. वाजली की चाक फिरवायचं, पाणी आत सोडायचं. विचार करत बसायचं नाही. आधी हात शिकतो, डोकं मागून येतं," मास्तर म्हणाले.

हे त्यांचं आवडतं वाक्य. फार वर्षांपूर्वी शिकवणाऱ्यांना शिकवण्याचा एक वर्ग भरला होता, तिथून ते त्यांनी उचललं होतं. पहिल्या दिवशी तिथल्या बाईंनी पेटीतल्या कबुतराची गोष्ट सांगितली. कबूतर कळ दाबतं, दाणा मिळतो, मग ते कळ दाबतच राहतं. मास्तरांना ते इतकं पटलं की परत आल्या आल्या त्यांनी पेपरमिंटच्या गोळ्यांचा डबा आणला. ज्याचा हात सगळ्यांत आधी चाकावर, त्याला गोळी. पन्नाशीची बाप्या माणसं त्या गोळीसाठी पोरांसारखी झटायची. दुसऱ्या दिवशी विषय होता, मोठी माणसं कारण समजून घेऊन कशी शिकतात. त्या दिवशी मास्तरांनी मागच्या बाकावर छान डुलकी काढली.

सगळ्यांत जास्त गोळ्या खाल्ल्या त्या 'सेकंद'ने. घंटेनंतर एका सेकंदात त्याचा हात चाकावर असायचा, म्हणून हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं. मनगट किंचित बाहेर काढून डावीकडे एक झटका. नव्या तुकडीला मास्तर मुद्दाम त्याला बोलावून दाखवायचे. दोन वर्षांपूर्वी कारखान्यातला बॉयलर फुटला त्यात तो गेला. चौकशी झाली, कागद निघाला : कामगाराची चूक. त्याच्या जागी त्याच्या बायकोला नोकरी मिळाली. तीच ही वहिनी.

वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली.

"मास्तर, कागदावर त्यांची चूक झाली एवढंच लिहिलंय. कुठली चूक ते नाही लिहिलं. मला ती शिकवा, म्हणजे माझ्याकडनं होणार नाही."

"शिकवू की. सगळं येईल ओघानं," मास्तर म्हणाले आणि डब्याचं झाकण उगाचच उघडून पुन्हा लावलं.

ती चूक का झाली ते साऱ्या जगात एकट्या त्यांनाच नीट ठाऊक होतं.

मास्तरांच्या घरी घंटा हा प्रकारच नकोसा झाला होता. दारावरची बेल वाजली की मास्तरांचं मनगट बाहेर निघायचं आणि हवेत डावीकडे फिरायचं. जेवताना हातातला घास खाली पडायचा. पहिल्या वर्षी बायकोला हसू यायचं. "कुणाला पाणी सोडताय?" म्हणायची. मग एकदा तिने त्यांचा चेहरा पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी बेलची तार काढून टाकली. आता येणारे दार ठोठावत. तरी रस्त्यावर कुणी सायकलची घंटी वाजवली की तो हात फिरायचाच. आणि खरी भीती अशी की फिरणारा हात आपला नाही, असं त्यांना वाटायचं. ती लकब सेकंदची होती.

वर्ग पुढे सरकत राहिला. वहिनीचे प्रश्न कमी होत गेले. मास्तरांना आधी हायसं वाटलं. रोज दीडशे वेळा घंटा वाजल्यावर प्रश्नाला जागा कुठे उरते? सहाव्या दिवशी तिचा हात चौथा आला, आठव्या दिवशी दुसरा.

नवव्या दिवशी घंटा वाजली आणि तिचा हात सगळ्यांच्या आधी चाकावर होता. मनगट किंचित बाहेर. डावीकडे एक झटका.

नवऱ्याला हे काम करताना तिने कधी पाहिलंच नव्हतं. ही लकब तिच्यापर्यंत आली ती मास्तरांच्याच हातून.

"मास्तर, गोळी द्या की! वहिनींनी मारली बाजी," मागून एकजण ओरडला. वहिनीही हसली, पहिल्यांदाच. मास्तरांचा हात डब्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"पाच मिनिटं चहा घेऊन या," ते कसंबसं म्हणाले.

शेड रिकामी झाल्यावर त्यांनी बॉयलरखालचा नळ सोडला. काचेतलं पाणी उतरत उतरत दिसेनासं झालं. काच कोरडी ठणठणीत. माणसं परत आली, आपापल्या चाकापाशी उभी राहिली. कुणी काचेकडे पाहिलं नाही. बघायला त्यांना सांगितलं होतं कुणी? मास्तरांनी मनातल्या मनात म्हटलं, एकाने तरी थांबा रे. निदान तिने तरी थांबावं.

बटण दाबलं. बाराच्या बारा चाकं फिरली. तिचं सगळ्यांत आधी.

"हात काढा!" मास्तर इतक्या जोरात ओरडले की दोघं मागे सरकले. "मेलात! सगळे मेलात तुम्ही!"

कुणाला काही कळेना. मास्तरांनी कोरड्या काचेवर बोट ठेवलं.

"काचेत थोडं तरी पाणी दिसत असेल तरच चाक फिरवायचं. काच कोरडी असेल तर आतलं लोखंड तापून लाल झालेलं असतं. त्यावर गार पाणी सोडलं की एका क्षणात त्याची वाफ होते. बॉयलर फुटतो." मग ते वहिनीकडे बघून म्हणाले, "त्या दिवशी काच कोरडी होती. त्यानं चाक फिरवलं. मी शिकवलं होतं तस्संच. एका सेकंदात."

"म्हणजे हे त्यांना माहीत नव्हतं?"

"नव्हतं. पुस्तकात आहे, पण मी शिकवायचो नाही. दोन गोष्टी सांगितल्या की हात अडखळतो, असं मला वाटायचं. चौकशीत विचारलं, शिकवलं होतं का? मी म्हटलं, अभ्यासक्रमात आहे. खोटं नव्हतं ते. त्यावर त्यांनी काय लिहायचं ते लिहिलं. मी गप्प बसलो."

मास्तर वाट बघत होते. ती रडेल, शिव्या देईल, डबा उचलून तोंडावर मारेल, काहीही चाललं असतं. दोन वर्षं ते त्याचीच वाट बघत होते.

तिने चाकावरचा हात काढून घेतला.

"मग काच कोरडी असली तर काय करायचं?"

"आग बंद करायची. पाण्याला हात लावायचा नाही. सगळ्यांना हाक मारायची आणि बाहेर पळायचं."

"पळायचं?"

"पळायचं."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

ती बाकावर बसली. पिशवीतून वही काढली, पेन मागून घेतलं, आणि लिहू लागली. लिहायची सवय गेलेली होती, एकेक अक्षर सावकाश उमटत होतं. आग बंद. पाणी नाही. हाक. पळायचं. अकरा माणसं उभी राहून ते लिहिणं बघत होती. लिहून झाल्यावर तिने मान वर केली.

"मास्तर, हे त्यांना सांगायला किती वेळ लागला असता?"

मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पाच मिनिटं," ते म्हणाले.

तिने तेही वहीत लिहून घेतलं.