गोजरबाईंचं ताट

१९५८ सालच्या संक्रांतीनंतरची ही गोष्ट. आम्ही तेव्हा कळंबला राहत होतो. माझा थोरला भाऊ कुंडलिक, आमचा दादा, साखर कारखान्यात वायरमन होता आणि घरी रेडिओ जोडत होता. त्यासाठी त्याने पुण्याहून तांब्याचा पातळ थर बसवलेली एक पट्टी आणली होती. वीज जिथून जायला हवी तिथे डांबराच्या रेघा ओढायच्या आणि पट्टी औषधात बुडवायची. उघडं तांबं औषध खाऊन टाकतं, रेघांखालचं तेवढं राहतं.

औषध ओतायला त्याने स्वयंपाकघरातलं पितळी ताट उचललं. ते शेजारच्या गोजरबाईंचं होतं. त्यांनी त्यातून तिळाच्या पोळ्या पाठवल्या होत्या. शेजारणीचं ताट रिकामं परत करायचं नाही, म्हणून आईने काही गोडधोड होईपर्यंत ते ठेवून घेतलं होतं.

पितळेतही तांबंच असतं, हे दादाला औषध हिरवं पडल्यावर आठवलं. पट्टीवरचं तांबं बरंचसं तसंच राहिलं. ताट मात्र खरबरीत झालं आणि त्याच्या मधोमध कोरलेलं नाव गेलं.

"इंदापूरच्या तांबटाकडनं नवं आणू, नाव घालून," आई हळूच म्हणाली. "तिला कुठं वाचता येतंय?"

"न्हाय आय. मी सांगणार हाय."

तिघंही गेलो. गोजरबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

"या इंजिनेर. बोलाय लागला का तुमचा रेडू?"

दादाने ताट पुढे केलं. "मावशी, तुमचं ताट माज्या औषधानं खाल्लं. मला कळलं न्हाय कुणाचं हाय ते."

त्यांनी ताट मांडीवर घेतलं आणि मधोमध बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"वाचाय येत न्हाय मला," त्या म्हणाल्या. "माज्या आयचं नाव बोटालाच कळायचं. ऱ्हाऊ द्या. शेंगा खावा."

आईने मान वर केली नाही. शेंगा कुणीच उचलल्या नाहीत.

दिवाळीत त्यांच्याकडून करंज्या आल्या, त्या पळसाच्या पानावर. आई ते पान हातात धरून कितीतरी वेळ दारातच उभी राहिली. त्यानंतर विहिरीवर गोजरबाई दिसल्या की ती रिकामी घागर घेऊन माघारी यायची.

गोजरबाई पुढे सुप्याला लेकीकडे गेल्या, तिथेच वारल्या. आई त्यांच्या तेराव्याला गेली, पण ओसरीवरूनच परतली. दादाने तो रेडिओ पुरा केला नाही. बारामतीत त्याने पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान काढलं, ते आता त्याची सून बघते. मी लग्न होऊन इंदापूरला आले, ती इथलीच झाले.