बंदूक तुमची, बत्ती आमची

धारूरजवळच्या त्या गावात दरवर्षी दसऱ्याला सुंदररावांच्या बंदुकीची पूजा व्हायची आणि दरवर्षी चंद्रभागाबाई आपलं टुमणं लावायची, "बंदूक तुमची, बत्ती आमची!" लोक पोट धरून हसायचे. सुंदररावांच्या खापरपणजोबांनी एकट्यानं बार काढून दरोडेखोर पळवले, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. त्यात ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली ही विधवा बाई मधेच कुठून उपटली? पण ते टुमणं मूळचं तिच्या नवऱ्याचं. आपल्या पूर्वजानं ती बंदूक पेटवली, असं तो जन्मभर सांगत राहिला आणि चेष्टा सोसत गेला. त्याचं म्हणणं कुणीतरी एकदा खरं मानावं, एवढंच तिला हवं होतं.

त्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या लगोलग माजलगावकडं साखर कारखान्यावर निघणार होत्या. तरी सोसायटीचं नवं गोदाम कसंबसं उभं राहिलं आणि चेअरमन सुंदररावांना हुरूप आला. पूजा तिथंच करायची, वर बंदुकीचं कौतुक सांगायला बीडहून पाहुणा आणायचा! पाहुणे म्हणजे पोलिसांतून निवृत्त झालेले जमादार. जुन्या बंदुकांचा त्यांना भारी नाद.

जमादारांनी बंदूक मांडीवर घेऊन उलटीसुलटी केली.

"काडतुसाची न्हाई. मागून उघडतच न्हाई ही. तोंडातून दारू अन् गोळी ठासायची. आता पेटवायची कशी, ते बघू." त्यांनी नळीवरून बोट फिरवलं. "टोपीची असती, तर ठिणगी पाडणारी टोपी बसवायला बोंडी असती. चकमकीची असती, तर गारगोटी धरणारा घोडा असता."

"मग तोड्याची!" सुंदरराव घाईनं म्हणाले.

"तोड्याच्या बंदुकीला जळती वात खाली आणणारा चाप लागतो, आप्पा. हिला तो कधी बसवलाच न्हाई. खिळ्याची भोकंसुदिक न्हाईत. नळीला नुसतं एक बारीक छिद्र हाय."

"म्हंजी?"

"म्हंजी एकानं दोन्ही हातांनी नेम धरायचा अन् दुसऱ्यानं त्या छिद्राला जळती बत्ती लावायची. एकट्याच्यानं ही उडत न्हाई."

 चंद्रभागाबाईला इतका आनंद झाला की ती बायकांतून उठून उभीच राहिली. सुंदररावांचा चेहरा आधी पडला, मग त्यांनाच हसू फुटलं. माणूस मिजासी खरा, पण मनाचा कोता नव्हता.

"आमी आजवर अर्धीच गोष्ट सांगितली म्हणा की! या, चंद्रभागाबाई, पुढं या. आता सगळी सांगतो. बत्ती लावणाऱ्याचं नाव काय?"

 नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, सांगणाऱ्या नवऱ्यालासुद्धा नव्हतं. सगळा गाव तिच्या तोंडाकडं बघत होता. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आसाराम," ती म्हणाली.

उखाण्याबाहेर तिनं नवऱ्याचं नाव आजवर कधी घेतलं नव्हतं.

सुंदररावांनी तिच्याकडं पाहिलं. आसाराम कोण, हे त्यांनाही चांगलं ठाऊक होतं. मग ते माईककडं वळले.

"बंदूक आमच्या खापरपणजोबांनी धरली," ते म्हणाले, "अन् बत्ती लावली ती आसारामबाबांनी."

कुणीही हसलं नाही.