वास कोणाचा

वेणूबाई कोळीण कोणाच्या बापाला भीत नव्हती, पण यष्टीच्या टपाला भीत होती. मासळीची पाटी गाडीच्या आत घ्यायची नाही, असा कायदा होता. कंडक्टर अंबाजी मात्र मुरूडचाच, म्हावऱ्यावर वाढलेला. कोणी तक्रार केली नाही तर आपण पाटी पाहिलीच नाही, असा त्याचा कोळणींशी तोंडी करार होता. तक्रार झालीच तर पाटी टपावर. आणि चैत्राच्या उन्हात टपावर चढलेलं म्हावरं साळावच्या धक्क्यावर उतरेपर्यंत मांजरसुद्धा त्याच्याकडे पाठ फिरवायचं. मग होडीनं पलीकडे रेवदंड्याच्या बाजारात न्यायचं काय, कपाळ?

त्या मंगळवारी तर पाटीत घोळ होता. घोळ मासा नव्हे, दुसरा घोळ. वर पहाटेचे चकचकीत बांगडे आणि तळाशी कालचे. केळीची पानं दाबून तिनं पाटी बाकाखाली सारली आणि देवळात बसल्यासारखी हात जोडून बसली.

तिच्या पुढच्या बाकावर राजपुरीचा सिद्दी महमूद बसला होता. नवाबाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. महमूदचा बाप नवाबाच्या पहाऱ्यावर होता, महमूद नारळाच्या वाडीवर राखणीला. दर आठवड्याला तो वेणूबाईकडून मासळी घ्यायचा आणि दर आठवड्याला माशाचा कल्ला उचलून म्हणायचा, "वास येतो." मग ही कंबरेवर हात ठेवून उसळायची, "काळ्या हबश्या, तुझ्या नाकाचा वास येतो तो!" एवढं झाल्याशिवाय दोघांनाही बाजार केल्यासारखं वाटत नसे.

महमूदशेजारी देशावरून बदलून आलेले एक कारकून येऊन बसले. काळी टोपी, मांडीवर पिशवी. गाडी नांदगावला पोचली नाही तोच त्यांनी नाकाला उपरणं लावलं.

"कंडक्टर! इथे भयंकर घाण वास येतोय."

वेणूबाईनं पायानं पाटी आणखी आत लोटली. पण कारकुनांनी बाकाखाली पाहिलंच नाही. त्यांनी महमूदकडे पाहिलं.

"तू मूळचा कुठला रे?"

"राजपुरीचा."

"ते नव्हे. त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी आयशीच्या पोटात व्हतो, साहेब."

गाडी हसली. कारकुनांचे कान लाल झाले. "हबशी आहेस तू, हबशी! तुम्हा लोकांच्या अंगालाच वास असतो, रक्तातच असतो तो. कंडक्टर, ह्याला उठव, मागे घाल. नाहीतर मी वर कळवीन."

'वर' म्हटल्यावर अंबाजीनं गाडी थांबवली. तो चुळबुळत म्हणाला, "म्हमूदभाय, मागं बसतोस काय जरा?"

महमूदनं वेणूबाईकडे एकदाच वळून पाहिलं. वास कुठून येतोय हे त्या नाकाला कळलं नसेल, हे शक्यच नव्हतं. बोट दाखवलं असतं तर पाटी टपावर गेली असती आणि तो ऐटीत बसून राहिला असता. पण मघाशी गाडीला हसवणारं तोंड त्यानं मिटलं आणि छत्री, गाठोडं गोळा करायला लागला.

वेणूबाईला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण 'हबशी' हा शब्द तिच्या कानात अडकून बसला होता. शब्द तिचाच. नेहमीचा, सवयीचा. दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आणि तिला लाज वाटली, फार लाज वाटली. आता बोलावं तर पाटी जाणार, आणि पाटीपेक्षा मोठं म्हणजे नाव जाणार. कोळीण एक वेळ नवऱ्याला नावं ठेवील, पण माझ्या म्हावऱ्याला वास येतो असं मेली तरी म्हणणार नाही. त्यात मागच्या बाकावर कोकिळा, रेवदंड्याच्या बाजारात तिच्याच शेजारी बसणारी, कान टवकारून बसलेली.

महमूद उठला. तशी वेणूबाई पण उठली.

"खाली बस, म्हमूदा! ओ टोपीवाले, त्याला कशाला उठवताव? वास माझ्या पाटीचा हाय!"

कोकिळेनं "अगो बाय!" केलं. अंबाजीनं कपाळाला हात लावला आणि पाटी ओढून बाहेर काढली. टपावर न्यायला तो ती उचलणार, तोच महमूद म्हणाला, "थांब. आदी मला बगू दे."

त्यानं पानं बाजूला केली, वरच्या चकचकीत बांगड्यांना शिवलाही नाही. हात सरळ तळाशी घातला. वेणूबाईनं डोळे मिटले. इतक्या वर्षांच्या गिऱ्हाइकाला कोळणीचा तळ माहीत असतो. त्यानं कालचा एक बांगडा वर काढला, कल्ला उचलला, नाकाशी धरला आणि साऱ्या गाडीदेखत छाती भरून वास घेतला. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"ताजा हाय," तो म्हणाला. "पहाटचा. कसला वास न् कसला काय!"

"मग कशाला न्यायची टपावर?" अंबाजीनं पाटी चटकन बाकाखाली लोटली आणि घंटी मारली.

"अहो, पण मग हा वास कुठला?" कारकून ओरडले.

सगळी गाडी फक्त त्यांच्याकडे बघत राहिली, अगदी अदबीनं. महमूद आपल्या जागेवर बसला आणि त्यानं अंग चोरून त्यांच्यापासून जरा अंतर ठेवलं. कोर्लई येईपर्यंत कारकुनांनी दोनदा आपली बाही हुंगली आणि एकदा पिशवी.

पुढच्या बाजाराला वेणूबाईनं महमूदसाठी खास पहाटेचा सरंगा काढून ठेवला होता, लखलखीत. तो आला, खाली बसला, कल्ला उचलला.

"वास येतो."

वेणूबाईचे हात कंबरेवर गेले. "का—" एवढं तोंडातून निघालं, आणि पुढचं अडलं. आजूबाजूच्या कोळणी बघायला लागल्या.

"का... का रं म्हमूदा," ती शेवटी म्हणाली, "खोटं बोलाया लाज न्हाय वाटत?"

महमूदनं तिच्याकडे पाहिलं. त्याला अडलेला शब्द कळला होता, आणि गिळलेलाही.

"खोटं त्या मंगळवारी बोललो, वेणूबाय," तो म्हणाला आणि त्यानं उजवा हात तिच्या नाकासमोर धरला. "हाताचा वास अजून जात न्हाय बग."